खोटा समुद्र

मांगहिल्ड आमच्या ऑफिसात आली ती गमबूट घालूनच. आमच्याकडे दारात अडवायला कुणी बसत नाही, त्यामुळे ती सरळ मीटिंग चालली होती त्या खोलीत शिरली. हातातल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमधून तिने एक मेलेला सामन मासा काढला आणि टेबलावर, आमच्या लॅपटॉपच्या मधोमध, आडवा ठेवला.

"हा एक तुमच्यासाठी आणला," ती म्हणाली. "बाकीचे बोटीत भरणं चाललंय."

आमच्या शहरातून, क्रिस्तियानसुनहून, फेरीबोटीने जावं लागतं अशा एका बेटाच्या आडोशाला मांगहिल्डची मत्स्यशेती आहे. वडिलांनी सुरू केलेली, आता ती एकटी चालवते. समुद्रात जाळ्यांचे गोल पिंजरे, एकेका पिंजऱ्यात हजारोंनी सामन. आमची कंपनी अशा पिंजऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. पाण्यात सोडलेले सेन्सर ऑक्सिजन मोजत राहतात, आणि तो खाली गेला की मालकाच्या फोनवर भोंगा वाजतो. त्या ऑगस्टात वारा अगदी पडला होता, पाणी कोमट झालं होतं. अशा दिवसांत ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. तसा तो उतरला, पण भोंगा वाजला नाही. मांगहिल्डच्या स्क्रीनवर आकडा छान दिसत होता, जिवंत पाण्यात होतो तसा किंचित वरखाली होत होता. ती खाद्य टाकायला बोट घेऊन गेली तेव्हा अख्खा पिंजरा पोट वर करून तरंगत होता.

तुमचं यंत्र नेमकं बघत कुठे होतं, एवढंच तिने विचारलं. आमचा प्रमुख त्रिग्वे म्हणाला की आम्ही छडा लावू आणि कळवू. ती गेली. मासा तिथेच राहिला. त्याच्याकडे बघत सगळे बसले होते, शेवटी आस्लाक उठला, त्याने तो कागदात नीट गुंडाळला आणि बाहेर घेऊन गेला.

आस्लाक थेट देशाच्या उत्तर टोकाचा, वादसोचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करत होता. बोलणं कमी. दुपारी डब्यातला पाव आणि तपकिरी चीज घेऊन खिडकीपाशी बसायचा आणि बंदरातल्या बोटी बघत जेवायचा. माझी खुर्ची त्याच्या शेजारची. मी नवीन होते तेव्हा मला काही अडलं की तो स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्या स्क्रीनकडे वळायचा, आणि माझी चूक सापडली की "ही माझ्याकडूनही झाली असती" असं म्हणायचा. ते खरं नसायचं. त्याच्याकडून तशी चूक झाली नसती.

त्रिग्वेने छडा लावला, आणि तो फारच लवकर लावला. आमच्या ऑफिसात समुद्र नाही, म्हणून टेस्ट करायला आम्ही एक छोटा प्रोग्रॅम केला होता. तो सेन्सरच्या जागी बसतो आणि खऱ्यासारखे आकडे देत राहतो. सगळे त्याला 'खोटा समुद्र' म्हणायचे. मांगहिल्डकडे जे नवं अपडेट गेलं होतं त्यात हा खोटा समुद्र आत राहून गेला होता. तिची स्क्रीन पाण्याकडे बघतच नव्हती. आणि ते अपडेट आस्लाकने केलं होतं.

हे त्रिग्वेने सगळ्यांसमोर सांगितलं. आस्लाक म्हणाला की मी तो आत ठेवलेला नाही, माझ्या मशीनवर प्रोग्रॅम तयार केला, बिल्ड केला, तर खरा सेन्सरच येतो.

"तुझ्या मशीनवर मासे नाहीत, आस्लाक," त्रिग्वे म्हणाला.

दोघं-तिघं हसले. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

मग ते दोघं त्रिग्वेच्या खोलीत गेले आणि दार बंद झालं. आमच्याकडे कुणाला सरळ काढून टाकणं सोपं नाही, म्हणून परस्पर संमतीने निरोप देण्याची पद्धत आहे. संमती कशी घेतात ते सगळ्यांना माहीत असतं. आस्लाकने दिली. बाहेर येऊन त्याने खुर्चीच्या पाठीवरचा लोकरीचा स्वेटर घातला, कप घेतला, मला म्हणाला, "भेटू," आणि गेला. मांगहिल्डला त्रिग्वेने फोन करून सांगितलं की जबाबदार माणूस आता आमच्याकडे नाही.

आस्लाकचं काम माझ्याकडे आलं. मी त्याचा कोड उघडला तो चूक शोधायलाच. शोधून दुरुस्त करायची, असंच मला सांगितलं होतं. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि माझे कान तापायला लागले. चूक नव्हती. भोंगा किती आकड्याला वाजायचा ती पातळी त्याने बदलली होती, तेवढंच. खोट्या समुद्राला त्याने हातही लावला नव्हता. याचा अर्थ त्रिग्वेने हा कोड वाचलाच नव्हता. नाव कुणाचं आहे एवढं बघितलं होतं आणि तिथेच थांबला होता.

मग खोटा समुद्र आत आला कसा? ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही लिहिलेला कोड गिऱ्हाइकाकडे तसाच जात नाही. तो आधी एका बिल्ड मशीनवर जातो, तिथे आपोआप त्याचा तयार प्रोग्रॅम होतो, आणि तो बाहेर पडतो. कुठल्याही मशीनवर काही नावं आणि त्यांच्या किमती ठेवलेल्या असतात, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात त्यांना. हे अमुक फोल्डर, ही अमुक भाषा, हे चालू, ते बंद. त्या मशीनवर जे जे चालतं ते या गोष्टी कुणालाही न विचारता उचलतं. मूल घरातली बोली उचलतं तसं. खोट्या समुद्राचं बटण असंच एक नाव होतं. ते कुणी लावलेलं नसेल तर खरा सेन्सर, लावलेलं असेल तर खोटा. आस्लाकच्या मशीनवर ते लावलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

बिल्ड मशीन आमच्या जिन्याखालच्या कपाटात आहे. तिथे कुणी जात नाही, ते बिचारं आपलं आपण चालत असतं. मी त्याला कामाच्या आधी एक आज्ञा दिली की सुरुवात करण्यापूर्वी तुझ्यापाशी काय काय आहे ते सगळं मोठ्याने म्हण. त्याने म्हणून दाखवलं. काय नव्हतं त्यात. सोडून गेलेल्या लोकांची नावं होती, बंद पडलेल्या सर्व्हरचे पत्ते होते. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात ते बटण होतं. चालू.

म्हणजे आस्लाकने काय, कुणीही बिल्ड केलं असतं तरी मांगहिल्डला खोटाच समुद्र मिळाला असता. आणि टेस्टमध्ये हे कळायचं कारण नव्हतं, कारण टेस्ट खोट्या समुद्रावरच चालतात. सगळं हिरवं, म्हणजे ठीक, दिसत होतं.

शुक्रवारी आमच्याकडे वॉफल करतात. त्या दिवशी पाळी त्रिग्वेची होती. तो ऑफिसातल्या ओट्यापाशी ॲप्रन बांधून उभा होता, हातात पिठाचा डाव. मी तिथे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की बिल्ड मशीनवर खोटा समुद्र कुणी चालू करून ठेवलाय.

"अगं, ते मीच केलं असणार," त्रिग्वे म्हणाला. साच्यात पीठ ओतून त्याने झाकण लावलं. "वसंतात त्रोन्हाइमच्या मेळ्याला गेलो नव्हतो का आपण? तिथे हॉलमध्ये लोकांना प्रोग्रॅम दाखवायला पाणी कुठून आणणार? म्हणून मशीनवरच लावून टाकलं. काढायचं राहिलं वाटतं." मग माझ्यापुढे बशी धरून म्हणाला, "जॅम घेणार की चीज?"

मला वाटलं, त्याच्या लक्षात आलेलं नाही. आपण काय बोललो ते अजून त्याच्यापर्यंत पोचायचंय. मी वाट बघितली. त्याच्या चेहऱ्यात काहीतरी बदलेल म्हणून मी खरंच वाट बघितली. तो बशी धरून उभा होता.

"मेळ्यानंतर बाहेर पडलेलं पहिलंच अपडेट मांगहिल्डकडे गेलं, आणि ते आस्लाकचं होतं," मी म्हटलं.

तेव्हा त्याने बशी खाली ठेवली आणि आपण माझ्या खोलीत बोलू या, असं हळू आवाजात म्हणाला.

खोलीत तो मला समजावत राहिला. अनुभवी माणसाने बाहेरून येणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायलाच नको होता, कोडमध्ये त्याचा बंदोबस्त करायला हवा होता, तेव्हा चूक तशी आस्लाकचीही होतीच. मी म्हटलं, हे बटण बाहेरून लावायचं असं ठरलं त्या मीटिंगला तूच अध्यक्ष होतास, आस्लाक तेव्हा सुट्टीवर होता. त्यावर तो म्हणाला की आता जे झालं ते झालं, आस्लाकने स्वतः मान्य केलंय, त्याला पुन्हा फोन करून जखमेवरची खपली काढण्यात काय अर्थ आहे. मांगहिल्डला सांगण्यात तर त्याहून नाही. धंद्यात नाव जातं.

"तू ते बटण काढून टाक आणि विषय संपव," तो म्हणाला.

"विषय तू आस्लाकच्या डोक्यावर संपवलास," मी म्हटलं. "आता तो माझा आहे."

मी खुर्ची मागे ढकलून उठले ती इतक्या जोरात की ती भिंतीवर आदळली.

बटण नुसतं काढून मी मोकळी झाले नाही. आज ते निघालं असतं आणि उद्या दुसऱ्या कुणाला दुसऱ्या मेळ्याला जायचं असतं. मी बिल्डची सगळी पद्धतच मोडली आणि नव्याने बांधली. आता प्रत्येक बिल्ड एका रिकाम्या, कोऱ्या जागेत सुरू होतं. मशीनवर काय पडलंय ते त्याला दिसतच नाही. जी नावं लागतात ती आम्ही आधी कोडशेजारी लिहून ठेवायची, सगळ्यांच्या नजरेखालून जाऊ द्यायची, आणि तेवढीच आत. न लिहिलेलं एक जरी नाव आत शिरताना दिसलं तर बिल्ड तिथल्या तिथे थांबतं आणि कुणाचं काय आलंय ते तोंडावर सांगतं. ही ताकीद रागातून आली होती हे मी लपवलं नाही. बिल्ड थांबल्यावर दिसणाऱ्या सूचनाही मी तशाच रागीट शब्दांत लिहिल्या.

सोमवारी एकाचंही बिल्ड होईना. ऑफिसात नुसता कल्लोळ. कुणाचा प्रोग्रॅम त्याच्याच लॅपटॉपवरच्या फोल्डरवर टेकून चालला होता आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड मशीनवर उघडा पडला होता. एक नाव असं निघालं की ते काय करतं हे कुणालाच सांगता येईना, आणि ते काढलं तर दोन प्रोग्रॅम उभेच राहीनात. सगळे माझ्यावर चिडले. जणू हा उकिरडा मी आणून टाकला होता.

रूआर नावाचा आमचा एक जण आहे, त्या दिवशी मीटिंगमध्ये हसलेल्यांपैकी. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सिनोव, आम्हाला कामं करू देणार आहेस की नाही?"

"माझ्या स्वयंपाकघरात तुझे बूट असावेत तसा तुझा पसारा त्या मशीनवर काय करतोय ते आधी सांग," मी म्हटलं. "मग बघू."

"मांजर मेल्यासारखं तोंड करून फिरतेयस दोन आठवडे. आस्लाक गेला, गेला."

"गेला नाही, घालवला. आणि तू हसत होतास."

तो लाल झाला आणि जागेवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःचा सगळा पसारा आवरला, हे मात्र सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्यांचाही आवरायला मदत केली. माझ्याशी बोलला नाही.

मांगहिल्डला फोनवर सांगणं मला जमलं नसतं. मी फेरीबोट पकडून तिच्याकडे गेले. ती धक्क्यावर जाळ्याची दुरुस्ती करत होती. मी तिला सगळं सांगितलं, मेळा, कपाटातलं मशीन, बटण, आणि हेही की ज्याला जबाबदार म्हणून घालवलं त्याचा यात काडीचाही संबंध नव्हता. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"त्याने मला फोन केला होता," ती म्हणाली.

"कुणी?"

"त्या वादसोच्या माणसाने. नोकरी गेल्यावर. म्हणाला, हे कसं झालं मला समजत नाही, पण शेवटचा हात माझा लागला होता, म्हणून माफी मागतो. आणि मी त्याला काय म्हटलं माहितेय? म्हटलं, तुझ्यासारख्याने समुद्राच्या कामाला हात लावू नये. तो म्हणाला, माझे वडील समुद्रातच गेले. मग फोन ठेवला त्याने."

तिने हातमोजे काढून धक्क्यावर आपटले. मग त्रिग्वेवर, माझ्यावर, आमच्या त्या खिडक्याच खिडक्या असलेल्या ऑफिसवर तिची जीभ सुटली. मी ऐकून घेतलं. माझा राग तिच्या रागापुढे लहान वाटायला लागला, आणि तेही मला नको होतं. शेवटी ती म्हणाली, "चल," आणि त्याच फेरीने ती माझ्याबरोबर शहरात आली.

त्रिग्वे तिला बघून उठून उभा राहिला. कॉफी घेणार का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं असावं, पण तिने बसायच्या आतच सांगितलं की त्याला फोन लाव, आत्ता, आणि आम्हाला ऐकू येईल असा. त्रिग्वे माझ्याकडे बघत होता. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्याने फोन लावला.

आस्लाकने उचलला. मागे कुठेतरी इंजिन घरघरत होतं. त्रिग्वेने सांगायला सुरुवात केली, आणि काय सांगितलं तर बिल्डच्या वातावरणात एक जुनी किंमत राहून गेली होती, असं निदर्शनास आलंय. मांगहिल्ड त्याला मधेच तोडून म्हणाली, "माणसासारखं बोल."

तेव्हा त्रिग्वे म्हणाला, "ते बटण मी लावलं होतं. तुझी चूक नव्हती."

पलीकडचं इंजिन बंद झालं.

"त्रिग्वे," आस्लाक म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या खोलीत मी तुला एकच गोष्ट विचारली होती. बिल्ड मशीन बघितलंस का म्हणून. तू हो म्हणालास."

त्रिग्वे खुर्चीत बसला.

"बघितलं होतंस?"

"नाही."

"मला वाटलं, तू बघितलंयस म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असणार. तेव्हापासून मी माझाच कोड डोक्यात घोळवत होतो. जेवताना, झोपताना. स्वतःवरचा भरवसा उडाला माझा." त्याचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नाही. "तू नाही म्हणाला असतास तर मी जाऊन बघितलं असतं. जिना उतरायचा होता फक्त."

मांगहिल्ड फोनजवळ वाकली आणि म्हणाली की मी मांगहिल्ड, मी तुला जे बोलले ते परत घेते. आस्लाक म्हणाला, तुझे मासे मेले होते, तू बोलणारच. त्याने तिला शांतपणे पिंजऱ्याचं आता कसं चाललंय ते विचारलं. मग त्रिग्वेशी पुढे एक शब्द न बोलता त्याने फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी त्रिग्वेने सगळ्यांना जमवलं. आस्लाकच्या बाबतीत एक चूक झाली होती, असं तो म्हणाला. मी उभी राहून विचारलं, कुणाकडून झाली. रूआरने मान वर केली. त्रिग्वेला म्हणावं लागलं, "माझ्याकडून." ते ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

मांगहिल्डने आमचे सेन्सर उतरवले आणि दुसऱ्या कंपनीचे लावले. जाताना किनाऱ्यावरच्या सगळ्या मत्स्यशेतीवाल्यांच्या सभेत उभी राहून तिने आस्लाकचं नाव घेऊन सांगितलं की दोष त्याचा नव्हता, आणि कुणाचा होता तेही नाव घेऊन सांगितलं. त्यानंतर आणखी काही गिऱ्हाइकं गेली. त्रिग्वे मात्र आहे. वरच्यांनी त्याला समज दिली म्हणतात. समज दिल्याने माणूस कपाट उघडून बघायला लागतो का, मला माहीत नाही. मी असेपर्यंत ते मी बघते.

कंपनीने आस्लाकला परत बोलावलं. तो आला नाही. वादसोच्या बंदरात बोटींची इंजिनं आणि त्यांची यंत्रणा दुरुस्त करण्याचं काम त्याने धरलंय. शरदात मी त्याला फोन केला. आता बिल्ड कसं रिकाम्या जागेत सुरू होतं, न लिहिलेलं नाव कसं दारातच अडतं, हे मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगायला लागले. मला वाटलं, हे ऐकून त्याला आनंद होईल. हे सगळं एका अर्थी त्याच्यासाठीच केलं होतं.

"सिनोव," तो म्हणाला, "तू ते चांगलंच केलं असशील. पण मला त्या मशीनबद्दल काही ऐकायचं नाही. कधीच."

मग तो मला एका बोटीबद्दल सांगत राहिला, जिचा पंप काही केल्या पाणी ओढत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिग्वेने माझ्या टेबलावर कॉफीचा कप आणून ठेवला, आणि हसून म्हणाला की आपण दोघांनी आता हे मागे टाकायला हवं. मी कप उचलला, बेसिनपाशी जाऊन कॉफी ओतून दिली, कप धुतला, आणि फळीवर त्याच्या जागी उपडा घातला.